पावती पुस्तक ते पॉवरपॉइंट

मराठी माणसाला विकता येत नाही, असं जो कोणी पहिल्यांदा म्हणाला, त्याच्या दारात गणपतीच्या वर्गणीची पोरं कधी गेली नसावीत. संध्याकाळी सातची वेळ, घरात टीव्ही चालू, कुकरची तिसरी शिट्टी होतेय आणि बेल वाजते. दारात पाच जण. सगळ्यांत पुढे सर्वांत निरागस चेहऱ्याचं पोर, त्याच्या मागे पावती पुस्तकवाला, आणि जिन्याच्या कठड्याला रेलून मिसरूड फुटलेला एक दादा, जो शेवटपर्यंत काही बोलत नाही. "काका, गेल्या वर्षी तुमचे दोनशे एक होते." दहा वर्षांच्या मुलाला हे वाक्य कोण शिकवतं? गिऱ्हाइकाचा मागचा व्यवहार तोंडपाठ हवा, हे त्याला ठाऊक असतं. पाठोपाठ "वरच्या मजल्यावरच्यांनी पाचशे एक दिले" हा बाजारभाव येतो आणि "यंदा देखावा हलता आहे" हे मालाचं वैशिष्ट्य. काका कुरकुरत दोनशे एक्कावन्न काढतात. बदल्यात काय मिळतं? एक पावती आणि दहा दिवस कानठळ्या. इतका निव्वळ नफ्याचा सौदा पुढे उभ्या नोकरीत मला बघायला मिळाला नाही.

आणि हेच पोर अठरा वर्षांचं झालं की म्हणतं, "सेल्स? छे! आपला तो स्वभावच नाही."

स्वभाव नसतानाही पुढचं शिक्षण चालू राहतं. दिवाळीच्या आधी कॉलेजची मुलं उटण्याची पाकिटं, पणत्या आणि सुवासिक तेलाच्या बाटल्या घेऊन सोसायट्यांचे जिने चढतात. पहिल्या मजल्यावर दार तोंडावर आपटलं तरी दुसऱ्या मजल्यावर चेहरा तोच ठेवून बेल दाबायची, एवढंच यातून शिकायचं असतं, पण हे शिकायला माणसं पुढे हजारो रुपये भरून कार्यशाळांना बसतात. उटण्यापेक्षा वरचा वर्ग म्हणजे गॅदरिंगच्या स्मरणिकेच्या जाहिराती. सायकलच्या दुकानदाराला महाविद्यालयाच्या स्मरणिकेत पाव पान जाहिरात देऊन काय मिळणार? काही नाही. हे त्याला माहीत असतं, तुम्हाला माहीत असतं, आणि दोघांनाही माहीत आहे हेही दोघांना माहीत असतं. तरी तिसऱ्या खेपेला तो 'शुभेच्छांसह' म्हणून पाव पान घेतो, कारण तिसऱ्यांदा नाही म्हणायची त्याला लाज वाटते. पैसे मात्र स्मरणिका छापून आल्यावर. छापून आल्यावर मालक जेवायला गेलेले असतात. ते इतके जेवतात की गॅदरिंग संपतं, परीक्षा होतात, तरी त्यांचं जेवण उरकत नाही. विक्री सोपी आणि वसुली अवघड, हे ज्ञान तेव्हाच होतं. पुढच्या आयुष्यात त्यात फारशी भर पडत नाही.

घरच्यांना मात्र हे शिक्षण वाटत नाही. आमच्या पिढीत नोकरी म्हणजे एका जागी बसून, पंख्याखाली करतात ती. मुलगा सेल्समध्ये आहे हे सांगताना वडिलांचा आवाज किंचित खाली येई. स्थळ सांगून आलं की आई "औषधांच्या कंपनीत आहे" एवढंच म्हणे आणि विषय पोह्यांकडे वळवी. मुलीकडच्यांना तो शास्त्रज्ञ वाटला तर वाटू दे.

खरं तर आपल्याकडे या कामाला कमीपणा यायचं काही कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आजच्या एरिया मॅनेजरच्या हाताखाली असते, तर लक्ष्मणरावांना पहिल्याच तिमाहीत समज देणारी मेल गेली असती आणि दुसऱ्या तिमाहीत त्यांच्या जागी कोणीतरी 'डायनॅमिक' मुलगा आला असता. किर्लोस्करवाडी वगैरे काही झालं नसतं. पुढे १९२० साली याच कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघालं, आपल्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. म्हणजे ज्या मासिकाने दोन पिढ्यांना कथा-लेख वाचायची सवय लावली, त्याचं मूळ नांगराच्या विक्री खात्यात आहे. साहित्य संमेलनात हे कोणी फारसं बोलत नाही.

असो. मी गेलो तो औषधांच्या लाइनमध्ये. त्या काळी बी.एस्सी. झालेल्या आणि बँकेच्या परीक्षेत न लागलेल्या मुलाला दोनच रस्ते असत, एक बी.एड. आणि दुसरा एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. वर्तमानपत्रात 'वॉक-इन इंटरव्ह्यू'ची चौकट यायची, हॉटेलचं नाव आणि वेळ. हॉटेलच्या लॉबीत चाळीस मुलं, चाळिसांचे टाय उसने, त्यातले निम्मे ज्याने बांधून दिले तोही रांगेतच उभा. मुलाखतीत "हा पेन मला विका" हा प्रश्न हमखास. माझ्या आधी आत गेलेल्या परभणीच्या एका मुलाने पेन हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "सर, हा तुमचाच आहे. तुम्हालाच कसा विकू?" त्याला घेतलं नाही. मला अजून वाटतं, त्या खोलीत व्यवहार कळणारा तो एकटाच होता.

निवड झाली की मुंबईला ट्रेनिंग. तिथे शरीरशास्त्र शिकवतात, स्पर्धक कंपन्यांच्या गोळ्या शिकवतात, आणि मग डिटेलिंग. डॉक्टरसमोर व्हिज्युअल एड, म्हणजे गोळ्यांच्या माहितीची सचित्र वही, कशी धरायची, पान कसं उलटायचं, वाक्यावर बोट न ठेवता पेनचं टोक कसं ठेवायचं. "गुड मॉर्निंग, डॉक्टर"पासून "थँक यू, डॉक्टर"पर्यंत सगळं पाठ. रात्री बारा वाजता होस्टेलच्या खोल्यांमधून तरुण मुलं आरशाला आम्लपित्तावरच्या गोळीचे फायदे समजावून सांगताहेत, हे दृश्य बाहेरच्या माणसाने पाहिलं असतं तर त्याने नक्की कोणाला तरी बोलावलं असतं.

मग हेडक्वार्टर, म्हणजे फिरायचा मुलूख, मिळतं. मला विदर्भ मिळाला. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला पोट टेकवून पडतात, आणि त्या भर उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय आणि चामड्याची बॅग घेऊन दुचाकीवरून जाणारा जो प्राणी दिसे, तो एमआर. टाय हवाच, असं मुंबईच्या ऑफिसचं म्हणणं. मुंबईच्या ऑफिसात एसी होता.

दवाखान्याच्या दारावर पाटी: 'एमआर: बुधवार, दुपारी २ नंतर, फक्त पाच'. त्या पाचांत येण्यासाठी बारा जण साडेबारापासून बाकावर. कंपाउंडर हा इथला खरा राजा. डॉक्टरांच्या मुलाचा वाढदिवस विसरला तरी चालेल, पण कंपाउंडरच्या मुलाचा दहावीचा निकाल लक्षात हवा. शेवटी नंबर लागतो. आत जाऊन उभं राहायचं, बसायचं नाही. "गुड आफ्टरनून, सर." डॉक्टर फोनवर. फोन खांद्याला दाबून ते हाताने 'बोला' अशी खूण करतात. तुम्ही पेनचं टोक पहिल्या ओळीवर ठेवता. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचता पोचता त्यांचा फोन संपतो, तिसऱ्या ओळीला नर्स आत येते, चौथ्या ओळीला ते म्हणतात, "हो हो, माहीत आहे, हे मी लिहितो." हे ते तुमच्या आधी आलेल्या कंपनीच्या गोळीबद्दलही म्हणाले होते. सॅम्पल टेबलावर ठेवायचं, "थँक यू, सर" आणि बाहेर. पूर्वी बरोबर एखादं घड्याळ, पेनस्टँड असं काही ठेवता यायचं. २००९ साली मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना भेटवस्तू घ्यायला बंदी केली, आणि औषधांच्या विपणनाच्या २०२४ च्या संहितेने कंपन्यांनाही बांधून टाकलं. आता पुस्तकं, कॅलेंडर, डायरी अशा माहितीच्या वस्तू चालतात, त्याही नगाला हजार रुपयांच्या आत. आजच्या मुलांपाशी फक्त पेनचं टोक उरलंय.

डॉक्टर खरंच लिहितात का, हे केमिस्टकडे कळतं. काउंटरच्या कोपऱ्यात उभं राहून, गिऱ्हाइकांना वाट देत, सॅरिडॉनच्या सुट्या गोळ्या विकण्यात गुंतलेल्या माणसाला हळूच विचारायचं, "भाऊ, समोरच्या सरांचं आमचं काही येतंय का?" भाऊ मान वर न करता सांगतात, "तुमची कंपनी कोणती?" एवढ्यातच उत्तर मिळालेलं असतं.

महिन्याचे पहिले वीस दिवस असे जातात. शेवटचे दहा दिवस वेगळे असतात, कारण कंपनी मोजते ते डॉक्टरने लिहिलेलं नव्हे, स्टॉकिस्टने, म्हणजे घाऊक विक्रेत्याने, उचललेलं. माल कंपनीच्या डेपोतून निघून स्टॉकिस्टच्या गोदामात पोचला की टार्गेट झालं. तिथून पुढे रोग्याच्या पोटात जातो की उंदराच्या, हा पुढच्या महिन्याचा विषय. मग एकतीस तारखेला रात्री साडेनऊला स्टॉकिस्टच्या टेबलासमोर हा संवाद होतो.

"शेठ, फक्त दोन पेट्या."

"मागच्या महिन्याच्या चार पडल्यात. उघडल्यापण नाहीत."

"सीझन येतोय, शेठ."

"कुठला सीझन? उन्हाळ्यात खोकल्याचं औषध कोण पितं?"

"पुढच्या महिन्यात परत घेतो. माझ्या शब्दावर."

शेठ लांब श्वास घेतात, चहा सांगतात आणि ऑर्डर फॉर्म ओढतात. ते माल घेत नसतात, समोरच्या पोराची नोकरी उचलत असतात. पेट्या येतात, पडतात, मुदत संपते आणि एक्स्पायरी म्हणून परत जातात. महाराष्ट्रात कुठल्याही क्षणी रस्त्यावरून जी औषधं धावत असतात, त्यातली बरीचशी रोग्याकडे नव्हे, घरी परत चाललेली असतात असा माझा दाट संशय आहे.

एमआर मंडळींसाठी १९७६ साली संसदेने खास कायदा केला, विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा. नेमणूकपत्र मिळालं पाहिजे, अकरा दिवस कामामागे एक दिवस हक्काची भरपगारी रजा मिळाली पाहिजे, असं बरंच चांगलं त्यात होतं. रजा हक्काची आहे हे सर्वांना मान्यच असतं. फक्त ती शेवटच्या आठवड्यात मागू नये, पहिल्या आठवड्यात मीटिंग असते, आणि मधल्या दोन आठवड्यांत साहेब येणार असतात.

साहेब येणं, म्हणजे जॉइंट वर्किंग, हा या धंद्यातला सर्वांत बहारदार प्रयोग. आदल्या संध्याकाळी एमआर आपल्या मायेतल्या पाच-सहा डॉक्टरांकडे जाऊन येतो. "सर, उद्या साहेब येतायत. जरा सांभाळून घ्या." डॉक्टरही माणूसच, तेही कधी कोणाच्या हाताखाली राबलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब रातराणीतून उतरतात, लॉजवर अंघोळ करतात, मिसळ खातात आणि टाय घट्ट करून दुचाकीवर मागे बसतात. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर उभं राहून स्वागत करतात. "या, या! तुमचं प्रॉडक्ट छान चाललंय हो आमच्याकडे." प्रॉडक्टचं नाव त्यांना आठवत नसतं, ते हळूच टेबलावरच्या एमआरच्याच कंपनीच्या कॅलेंडरकडे बघून वेळ निभावतात. साहेब खूश. एमआर खूश. साहेबांना सगळं कळलेलं असतं, कारण चार वर्षांपूर्वी याच पद्धतीने त्यांनी आपल्या साहेबांना खूश केलेलं असतं. संध्याकाळी ते रिपोर्टमध्ये लिहितात, 'गुड रॅपो विथ डॉक्टर्स'.

या प्रयोगात गोळी कोणी कोणाला विकली नाही, हे लक्षात घ्या. एमआरने साहेबाला डॉक्टर विकले. आणि पायरी चढत जाल तसं हेच वाढत जातं. खालच्या पायरीवर निदान बॅगेत माल असतो. एरिया मॅनेजर आपल्या सहा पोरांना टार्गेट विकतो, रिजनल मॅनेजर वरच्याला कारणं विकतो, आणि झोनलच्या वरचे साहेब बोर्डाला भविष्यकाळ विकतात. यातली कारणं सर्वांत उत्तम खपतात.

माझ्या ओळखीतला सर्वांत अट्टल विकणारा, नाव सांगत नाही, तो केमिस्टच्या काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला की माणसं ऑर्डर देऊनच थांबत. सलग दोन वर्षं त्याने टार्गेट फोडलं म्हणून कंपनीने त्याला मॅनेजर केलं. झालं. याला पोरांना शिकवता येईना, कारण आपण नेमकं काय करतो हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. पोरगं डॉक्टरसमोर अडखळलं की हा पुढे सरसावून स्वतःच बोलून टाकायचा. ऑर्डर यायची, पोरगं मात्र होतं तिथेच. सहा जिल्ह्यांत हा एकटाच विकत फिरला, सहा पगार कंपनीला पडले. हे आपल्याकडचंच खूळ आहे असं मला वाटायचं. पण २०१९ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आला, अमेरिकेतल्या कंपन्यांच्या विक्री विभागांतल्या हजारो लोकांचा. निष्कर्ष असा, की कंपन्या सर्वांत जास्त विकणाऱ्याला बढती देतात, आणि बढती मिळालेला आधी जितका जास्त विकत असे तितकी त्याच्या हाताखालच्यांची कामगिरी पडते. लॉरेन्स पीटर यांनी १९६९ साली पुस्तकात हेच थट्टेने लिहिलं होतं: माणूस बढत्या घेत घेत, जिथे त्याला काम जमत नाही, तिथे येऊन थांबतो. पन्नास वर्षांनी आकडेवारीने थट्टेला दुजोरा दिला. आमचा तो अट्टल विक्या त्याच पदावर थांबला, आणि बरीच वर्षं थांबला.

मॅनेजर झाल्यावर आयुष्य फोनवर येतं. पूर्वी डॉक्टरांच्या भेटींचा रोजचा कॉल रिपोर्ट कागदावर असे. आठवड्याभराचे रिपोर्ट पोरं रविवारी दुपारी जेवणानंतर, वामकुक्षीच्या आधी एका दमात लिहीत, त्यात कल्पनाशक्तीला वाव असे. आता ॲप आहे, दवाखान्याच्या दारात उभं राहिल्याशिवाय ते कॉल घेत नाही. म्हणून पोरं दारात जाऊन उभी राहतात, फोन आनंदाने हिरवा होतो, आणि ती पुढच्या दारात जातात. उपग्रह समाधानी, मॅनेजर समाधानी. डॉक्टरांना तर कोणी आलं होतं हेच ठाऊक नसतं, त्यामुळे तेही समाधानी.

खरी कसोटी तिमाहीच्या मीटिंगला. हॉटेलचा बँक्वेट हॉल, टेबलांवर हिरवी पेपरमिंटं, पडद्यावर आलेख. आलेखाची रेघ खाली आलेली असली की उभा राहिलेला माणूस कारणांना हात घालतो. औषधांच्या धंद्यात कारणं फार विलक्षण असतात. पाऊस जास्त झाला, रस्ते बंद, पेशंट घराबाहेर पडला नाही. पाऊस कमी झाला, डास नाहीत, ताप नाही. मराठवाड्याच्या एका मॅनेजरने गंभीर चेहऱ्याने, हात पाठीमागे बांधून सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय: "सर, यंदा डेंग्यूने फार निराश केलं." आणि अख्ख्या हॉलने सहानुभूतीने माना हलवल्या. आमच्यातला एकही माणूस वाईट नव्हता. घरी कोणाला ताप आला की हेच लोक रात्रभर उशाशी बसत. पण मीटिंगमध्ये व्हायरलची साथ आली म्हटलं की चेहरे उजळत, आणि नागपूरकडे गॅस्ट्रो सुरू झाल्याची बातमी कोणी पेढ्यासारखी वाटे.

कारणं संपली की साहेब म्हणतात, "ते जाऊ द्या. पुढच्या क्वार्टरला किती देणार?" यावर एक आकडा सांगायचा असतो. तो खरा नसावा, कारण खरा आकडा कोणाला आवडत नाही, आणि अगदीच खोटा नसावा, कारण तो लिहून घेतात. मधला आकडा सांगणं ही कला साधली की माणूस वर जातो.

पुष्कळ जण मात्र वर जात नाहीत. पंचेचाळिशीला आले की बी.पी.ची गोळी सुरू होते, तीही प्रतिस्पर्धी कंपनीची, कारण डॉक्टर ती लिहितात. मग ते नोकरी सोडतात आणि स्वतःची प्रोपगंडा कंपनी काढतात. ओळखीचे डॉक्टर तेच, स्टॉकिस्ट तेच, माल हिमाचलातल्या बद्दीहून आपल्या नावाच्या पाकिटात बनवून आणायचा. फ्लॅटच्या एका खोलीत गोदाम, बायको हिशेब बघते, वडिलांचा आवाज आता मोठा: "मुलाचा औषधांचा धंदा आहे." आमच्या त्या विक्यानेही शेवटी असंच केलं. मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो, तर पुढ्यात एक बी.एस्सी. झालेला मुलगा बसला होता, ताठ, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत. हा त्याला चहा पाजत होता आणि मोठ्या मायेने समजावत होता, "हे बघ, आपल्याकडे टार्गेट वगैरे भानगड नाही. मी स्वतः त्यातून गेलोय. मोकळेपणी काम कर. फक्त एक आकडा डोक्यात ठेव." मुलाने मान डोलावली. "लिहून घे," हा म्हणाला, आणि त्याला पेन दिला.